तुम्ही विचारलंत म्हणून : किती किलोची घेऊ?

पंचेचाळिशी-पन्नाशीत केटलबेलच्या, म्हणजे वर दांडा असलेल्या धातूच्या वजनी गोळ्याच्या, पहिल्या स्पर्धेला नाव द्यायला निघालेला प्रत्येक जण हेच विचारतो. बहुतेकांच्या मनात आकडा आधीच ठरलेला असतो, माझ्याकडून फक्त हो म्हणवून घ्यायचं असतं. मी उलट विचारतो, "मिनिटाला किती वेळा उचलणार?" आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. आपण वजन विचारलं आणि हा घड्याळाचं सांगतोय, म्हणजे टाळतोय. टाळत नाही हो. पण दर वेळी तेच अर्धवट बोलून गैरसमज वाढवण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

या खेळाचे आकडे धान्य तोलायच्या रशियन वजनांतून आले. एक पूड म्हणजे १६.३८ किलो, म्हणून १६, २४ आणि ३२ : एक, दीड आणि दोन पूड. १९८५ मध्ये सोव्हिएत संघात नियम एकसारखे झाले, रशियातल्या लिपेत्स्क शहरात राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि दहा मिनिटांची मर्यादा त्यानंतर आली. ही मर्यादा आली तिथेच वजनाचा प्रश्न दुय्यम झाला, हे माझं म्हणणं. दहा मिनिटं केटलबेल जमिनीला टेकवायची नाही. टेकवली की सेट, म्हणजे तुमची सलग फेरी, संपला. तोवर झालेल्या रेप, म्हणजे पूर्ण झालेल्या उचली, तुमच्या, उरलेली मिनिटं गेली.

म्हणजे उचलण्याइतकंच, किंबहुना जास्त, शिकायचं ते न टेकवता विसावा घेणं. विसाव्याच्या जागा दोनच. एक डोक्यावर, हात सरळ असताना. दुसरी रॅकमध्ये, केटलबेल छातीशी असताना. आणि मध्यम वयातला नवखा नेमका रॅकमध्ये मार खातो. कोपरं कमरेच्या हाडावर टेकायला हवीत, गुडघे सरळ, कंबर पुढे, पाठीचा वरचा भाग किंचित गोल. असं जमलं तर वजन हाडांवरून थेट पायांत उतरतं. ज्यांनी वीस वर्षं खुर्चीत काढली त्यांची कंबर पुढे जात नाही. मग कोपरं हवेत राहतात आणि सगळा भार दंड, खांदे आणि मनगटं पेलतात. अशा माणसाला वाटतं आपण थांबलोय. प्रत्यक्षात त्याचे स्नायू कामावरच असतात. ज्यांचे हात आखूड आणि धड लांब, त्यांची कोपरं कितीही केलं तरी पोहोचत नाहीत. त्यांनी पट्टा बांधावा आणि कोपरं पट्ट्याच्या वरच्या कडेवर टेकवायला शिकावं. नियमांत पट्ट्याच्या रुंदीवर मर्यादा असते, ती आधी बघून घ्या.

आता ते सहावं मिनिट. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्यावर. कारण जजच्या खुर्चीत बसून, स्पर्धेत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांचे जेवढे सेट बघावेत, त्यातले बरेच याच वळणाने जातात.

लाँग सायकल, म्हणजे दर रेपला केटलबेल खालच्या झोक्यातून छातीशी आणायची आणि तिथून डोक्यावर ढकलायची. १६ किलोच्या दोन. ठरलेला वेग मिनिटाला सहा, म्हणजे दर दहा सेकंदांना एक. "स्टार्ट" ऐकू येतं, शेजारच्या प्लॅटफॉर्मवरचा गडी सुटतो आणि आपलाही हात सुटतो. पहिल्या मिनिटाला नऊ. हलकं वाटतं. सरावात १६ कधीच इतकी हलकी नव्हती! दुसऱ्या मिनिटालाही नऊ. तिसऱ्यात आठ, आणि इथे पहिल्यांदा रॅकमध्ये दोन श्वासांऐवजी चार घ्यावे लागतात. चौथ्या मिनिटात उचलल्या सात, मोजल्या सहा. एकदा उजवं कोपर सरळ झालं पण डावं मागाहून आलं, दोन्ही केटलबेल एकत्र स्थिरावल्याच नाहीत आणि जजने "नो काउंट" म्हटलं. फुकट गेलेली रेप ताकद पुरेपूर खाते. पाचव्या मिनिटात चार. आता मुठी आवळलेल्या, अंगठ्यांची नखं पांढरी पडलेली. रॅकमध्ये मूठ खरं तर उघडी हवी : दांडा तळव्यावर तिरका, तळहाताच्या खालच्या गादीवर टेकलेला, बोटं सैल. आवळलेल्या मुठीमुळे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दगड होतो. तो खाली झोके घेताना मोकळा व्हायला हवा, पण मागच्या मिनिटाची उधारी असते, होत नाही. सहाव्या मिनिटात तीन. कोपरं कमरेवरून निसटून पोटावर येतात, पोट दाबलं गेल्यावर श्वास अर्धाच भरतो. गुडघे वाकायला लागतात आणि वाकलेल्या गुडघ्यांवर उभं राहणं म्हणजे विसावा नव्हेच. ६ मिनिटं १२ सेकंदांना आणखी एक जाते, चाळिसावी. मग रॅकमध्ये आठ सेकंद छताकडे बघणं, आणि ६:२० ला दोन्ही केटलबेल जमिनीवर.

चाळीस. तोच माणूस मिनिटाला पाच या रटाळ वेगाने, दर बारा सेकंदांना एक, दहा मिनिटं उभा राहिला असता तर पन्नास. दहा रेप गेल्या त्या पहिल्या दोन मिनिटांत. सहाव्यात फक्त बिल आलं.

आणि खाली उतरल्यावर तो काय म्हणतो? "बारा किलोच्या घ्यायला हव्या होत्या." नाही! बारा घेतल्या असत्या तर पहिल्या मिनिटाला अकरा मारल्या असत्या.

मी पूर्वी इथेच थांबायचो. वेग धरा, दहा मिनिटं काढा, काहीही झालं तरी टेकवू नका, असं छातीठोकपणे सांगायचो. आता तितका ठाम नाही. तिशीतल्या माणसाला "टेकवू नका" सांगणं वेगळं आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बावन्न वर्षांच्या माणसाला सांगणं वेगळं. दमलेला माणूस सगळ्यात आधी श्वास रोखतो. जर्कचा, म्हणजे छातीपासून डोक्यावर ढकलण्याचा, श्वास खरा असा : पहिल्या अर्ध्या बैठकीत सोडायचा, वर ढकलताना घ्यायचा, केटलबेलच्या खाली शिरताना सोडायचा, ताठ होताना घ्यायचा, वर स्थिर असताना एक-दोन पूर्ण श्वास, आणि खाली घेताना पुन्हा सोडायचा. हा क्रम मोडून दम कोंडून वजन ढकललं की रक्तदाब उसळतो. तेव्हा चक्कर, छातीत दडपण, हाताला मुंग्या किंवा दृष्टी अंधारणं, यांतलं काहीही जाणवलं तर टेकवायची, आकडा गेला उडत. नाव देण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन "दहा मिनिटं सलग, नाडी चढलेली, वजन डोक्यावर" हे या शब्दांत सांगा. नुसतं "व्यायाम करू का" विचारलंत तर "करा" एवढंच उत्तर मिळेल. बीटा ब्लॉकर प्रकारचं रक्तदाबाचं औषध चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर सराव बेतू नका, औषध तो आकडा खाली ओढून ठेवतं.

बरं, वजन. आहेच उत्तर. ज्या केटलबेलने स्पर्धेच्या तीन आठवडे आधी ठरलेल्या वेगात आठ मिनिटं होतात, शेवटच्या मिनिटातही कोपरं कमरेवर असतात आणि सेटनंतर एक आख्खं वाक्य बोलता येतं, ती तुमची. आठ मिनिटं होत नसतील तर एक पायरी खाली या, किंवा एका हाताचा प्रकार बघा, किंवा पाच मिनिटांचा सेट ठेवलेली स्पर्धा शोधा. नवख्यांचे आणि वयोगटांचे किमान वजनाचे नियम संघटनेगणिक बदलतात, प्रवेशपत्रक नीट वाचा.

आठवड्यात तीन दिवस, चौदा-पंधरा आठवडे. एक दिवस ठरलेल्या वेगात लांब सेट, चार मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला अर्धं-एक मिनिट वाढवत. एक दिवस एक पायरी जड केटलबेल, दोन-तीन मिनिटांचे तुकडे, मध्ये पुरती विश्रांती. एक दिवस हलकी, मिनिटाला दोन जास्त. शेवटचा लांब सेट स्पर्धेच्या दहा दिवस आधी. त्यानंतर पूर्ण दहा मिनिटं करून बघायची खुमखुमी येते. येणारच. करू नका. चाळिशीनंतर तो थकवा तीन दिवसांत जात नाही.

सराव स्पर्धेच्या केटलबेलवरच हवा, हे मात्र मी कुणाशी वादाला घेत नाही. पोलादी, आकार ८ किलोलाही तोच आणि ३२ किलोलाही तोच, दांडा साधारण ३५ मिलिमीटर जाड. वजनागणिक आकार बदलणाऱ्या ओतीव लोखंडी केटलबेलवर रॅक बसवलात तर तो तिथेच उपयोगी. रंग वजन सांगतो : पिवळी १६, जांभळी २०, हिरवी २४.

हातांचं लोक ऐनवेळी विचारतात. घट्टे आंघोळीनंतर वजरीने घासून सपाट ठेवायचे, काढून टाकायचे नाहीत. उंच राहिलेला घट्टा दांड्यात चिमटतो आणि मुळापासून सुटतो, विशेषतः स्नॅचमध्ये, म्हणजे एका हाताने झोक्यातून थेट डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, जिथे हात एकदाच बदलता येतो. फाटला तो हात, तर उरलेला वेळ दुसऱ्यावर. शेवटचे तीन दिवस घासणंही बंद. दांडा गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपर मारा, चॉक (पकडीसाठीची पांढरी पूड) पातळ थरांत लावा, ढेकूळ राहिली की तीच कातडी सोलते. हातमोजे चालत नाहीत. बाही कोपराच्या वर हवी, जजला कोपर दिसलं पाहिजे. आणि जुन्या फ्रॅक्चरमुळे कुणाचं कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर ते सेटच्या आधी जजला दाखवायचं, मधे नाही. बूट कडक तळाचे घाला. पळायच्या मऊ बुटांत प्रत्येक जर्कचा थोडा जोर फोममध्ये जिरतो.

यानंतरचा प्रश्नही मला पाठ आहे. १६ वर पन्नास झाल्या, पुढच्या वेळी वीसच्या घेऊ की सोळावरच साठ करू? साठ करा, असं मी दोन वर्षं सांगत होतो. मग तेच वजन वेगाने करता करता रॅकचा विसावा विसरलेले लोक बघितले आणि वीस म्हणायला लागलो. सध्या पुन्हा साठ म्हणतोय. पुढच्या मोसमात परत विचारा.