जान्नी रोदारी: फळ्याच्या दोन बाजू

आजचा दिवस जान्नी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाच्या वाचनात गेला. आधी शाळामास्तर, मग पत्रकार, १९५० पासून रोममध्ये 'पिओनिएरे' या मुलांच्या साप्ताहिकाचा संपादक. कांद्याच्या डोक्याचा चिपोल्लिनो हा त्याचा नायक तिथल्याच चित्रकथांतला. १९७० मध्ये बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय अँडरसन पुरस्कार.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती १९७३च्या पुस्तकात त्याने सांगितलेली गोष्ट रचण्याची रीत. एका मुलाने फळ्याच्या पुढे शब्द लिहायचा, दुसऱ्याने मागे, एकमेकांचा न बघता. समजा, 'कुत्रा' आणि 'कपाट' आले. मग जोडून बघायचं: कपाट घेऊन निघालेला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा. कुत्रा-घोडा अशी जवळची जोडी घेतली की गोष्ट उठतच नाही. दोघंही प्राणीच, कल्पनेला धावावंच लागत नाही. म्हणून शब्द मोठ्यांनी सुचवूच नयेत, ते असे योगायोगाने येऊ द्यावेत.