मोझलीची गाडी

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझलीची आठवण निघते ती बहुतेक वेळा हळहळीनेच. सत्ताविसाव्या वर्षी गेला, जगता तर नोबेल नक्की होतं, वगैरे. हळहळ खोटी नाही, पण तिच्यात त्याचं काम झाकलं जातं. काय काय केलं असतं यापेक्षा जे केलं ते कसं केलं, हे पाहण्यात जास्त गंमत आहे. ते सगळं जेमतेम दोन वर्षांतलं.

जन्म 23 नोव्हेंबर 1887, इंग्लंडातलं वेमथ. वडील प्राणिशास्त्रज्ञ, चॅलेंजर जहाजाच्या सागरी मोहिमेवर गेलेले. मुलगा चार वर्षांचाही नव्हता तेव्हा ते वारले. पुढे ईटन, ऑक्सफर्ड आणि 1910 मध्ये मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत.

त्या वेळी आवर्त सारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, अणुभाराच्या क्रमाने लावत, आणि काही ठिकाणी ती अडखळत असे. कोबाल्टचा अणुभार सुमारे 58.9, निकेलचा 58.7. वजनाने निकेल आधी यायला हवं. गुणधर्म मात्र कोबाल्टला आधी बसवायला सांगत. रसायनशास्त्रज्ञ गुपचूप अदलाबदल करून पुढे जात. व्हॅन डेन ब्रोक नावाच्या डच हौशी अभ्यासकाने सुचवलं होतं की सारणीतला क्रमांक म्हणजेच अणुकेंद्रावरचा विद्युतभार असावा. ते तपासायचं मोझलीने ठरवलं.

कल्पना सोपी होती. मूलद्रव्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळले की त्याचे स्वतःचे ठरावीक क्ष-किरण निघतात. ते स्फटिकावरून परावर्तित करायचे, फोटोच्या काचेवर रेषा उमटवायच्या, कोनावरून तरंगलांबी काढायची. अडचण वेगळीच होती. क्ष-किरणांची नळी निर्वात असावी लागते. दर मूलद्रव्यामागे नळी फोडून नमुना बदलायचा, पुन्हा पंप लावून हवा काढायची, यात दिवस जातात. शिवाय दर वेळी मांडणी केसभर हलली तरी दोन नमुन्यांची तुलना बिघडते.

यावर त्याने आगगाडी केली. सुमारे मीटरभर लांबीची काचेची नळी, आत रूळ, रुळांवर ॲल्युमिनियमची छोटी ढकलगाडी आणि तिच्यावर ओळीने नमुने. गाडीला मासे धरायची रेशमी दोरी बांधलेली, दोरी पितळी रिळांवर गुंडाळलेली. रीळ फिरवलं की पुढचा नमुना माऱ्याखाली येई आणि निर्वात तसाच राही. स्फटिक पोटॅशियम फेरोसायनाइडचा. एका छायाचित्राला पाच मिनिटं पुरत.

हलक्या मूलद्रव्यांचे किरण दुबळे असतात. ॲल्युमिनियमच्या किरणांची तरंगलांबी तांब्याच्या पाचपटीहून जास्त. काच सोडाच, थोडी हवासुद्धा त्यांना गिळून टाकते. म्हणून स्फटिक आणि फोटोची काचही निर्वात पेटीत ठेवली आणि मधल्या खिडकीला काचेऐवजी गुरांच्या आतड्याचा पातळ पापुद्रा लावला. दोन्ही बाजूंना निर्वात असल्यामुळे तो फाटायची भीती कमी.

आता हिशेब. तांब्याच्या सगळ्यात ठळक रेषेची तरंगलांबी 1.54 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), म्हणजे कंप्रता, म्हणजेच लहरींची कंपनं, सेकंदाला सुमारे 1.946 गुणिले 10 चा 18 वा घात. तिला 2.467 गुणिले 10 च्या 15 व्या घाताने भागा (हा आकडा रिडबर्गच्या स्थिरांकाचा, म्हणजे वर्णरेषांच्या सूत्रातल्या एका ठरलेल्या आकड्याचा, पाऊण भाग). उत्तर 789. वर्गमूळ 28.1. त्यात 1 मिळवा, 29.1. तांब्याचा क्रमांक 29! हाच हिशेब कोबाल्टला लावला तर 27.1 येतात, निकेलला 28.1. वजनाचा घोळ तिथेच मिटला. मिळवलेला 1 कुठून येतो? आतल्या कक्षेत उरलेला इलेक्ट्रॉन केंद्राचा साधारण एक भार झाकतो, त्याची ती भरपाई.

पहिला लेख डिसेंबर 1913 मध्ये आला. कॅल्शियमपासून जस्तापर्यंत, मधलं स्कँडियम सोडून. जस्तासाठी चक्क पितळ वापरलं होतं, त्यामुळे त्या फोटोच्या पट्टीत तांब्याच्या रेषाही दिसतात. कोबाल्टच्या पट्टीत लोखंड आणि निकेल डोकावतात. दुसरा कुणी अशा भेसळीवर वैतागला असता. यातून रासायनिक पृथक्करणाची पद्धत निघेल, हे मोझलीने तिथेच नोंदवलं. आज धातूची शुद्धता क्ष-किरणांनी तपासतात ती याच तत्त्वावर.

एप्रिल 1914 च्या दुसऱ्या लेखात ॲल्युमिनियम ते सोनं अशी मजल गेली आणि 43, 61, 75 ही घरं रिकामी राहिली. 75 म्हणजे ऱ्हेनियम, 1925 मध्ये सापडलं. 43 आणि 61 ही अस्थिर, ती कृत्रिम मार्गानेच हाती आली. 72 पाशी मात्र तो चुकला. दुर्मिळ मृदांमध्ये, म्हणजे एकमेकांसारख्या धातूंच्या एका गटात, थुलियम एक नसून दोन आहेत असं तेव्हा काही जण म्हणत; त्याने दोन घरं दिली, त्यामुळे पुढची दोन मूलद्रव्यं एकेक घर सरकली आणि 72 भरलेलं दिसलं. खरं 72, हाफ्नियम, 1923 मध्ये कोपनहेगनला सापडलं. शोधायची पद्धत? मोझलीचीच.

1914 च्या उन्हाळ्यात आईबरोबर तो ऑस्ट्रेलियाला एका विज्ञान परिषदेला गेला. तेवढ्यात युद्ध पेटलं. परत येऊन स्वतः खटपट करून रॉयल इंजिनिअर्समध्ये भरती झाला, संदेशवहनाचा अधिकारी म्हणून. 10 ऑगस्ट 1915 रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत, चुनुक बैरच्या लढाईत, टेलिफोनवरून हुकूम पोचवत असताना डोक्यात गोळी लागली.

मोर्चावर असतानाच त्याने मृत्युपत्र केलं होतं. जे काही होतं ते सगळं रॉयल सोसायटीला, प्रयोगांवर खर्च करण्यासाठी.