शेवटचा टोप

लग्नात अन्न उरलं की यजमान हमखास म्हणतात, ‘वाया घालवू नका हं, कुठल्यातरी आश्रमात पाठवून द्या.’ गोव्यात फोंडा तालुक्यात केटरिंग करताना हे इतक्यांदा ऐकलंय, की आश्रमवाले काय उत्तर देणार तेही आता पाठ झालंय. मुहूर्ताच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्यांना गावातल्या सगळ्याच केटररांचे फोन येतात. त्यांचा स्वयंपाक सकाळीच झालेला असतो. ‘नको हो, आमच्याकडे आधीच दोन पातेली आलीत,’ असं बिचारे ओशाळून सांगतात. मुहूर्त नसलेल्या पंधरवड्यात मात्र त्यांना कोणीच फोन करत नाही.

मे महिन्याच्या अखेरचं एक लग्न होतं. ऑर्डर आठशे पानांची. सकाळी दहाच्या सुमाराला वळीव असा कोसळला, की रस्त्यांवर झाडं आडवी झाली, वीज गेली आणि मडगाव-वाळपईकडचे पाहुणे वाटेतच अडकले. हॉलचा जनरेटर दिव्यांपुरता. फ्रीज बंद, पंखे बंद. जेमतेम पाचशे माणसं जेवली. तीन वाजता मागच्या पडवीत जाऊन पाहिलं तर खतखत्याचं, म्हणजे नारळातल्या मिश्र भाज्यांचं, अर्धं पातेलं, मूगगाठी म्हणजे मोडाच्या मुगाचं नारळातलं कालवण, सोलकढीचे डबे, आणि मणगण्याचा, म्हणजे हरभराडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या रसाच्या खिरीचा, जवळजवळ भरलेला टोप. भात दोन टोप. वरण मात्र मंद आचेवर होतं, कारण आमचा आचारी जुन्या वळणाचा. वरणाखालचा गॅस तो शेवटची पंगत उठेपर्यंत बंद करत नाही.

यजमान आले. मी म्हटलं, ‘खतखतं, मूगगाठी, सोलकढी, मणगणं आणि सकाळचा भात कुणालाही द्यायचा नाही.’

‘अहो, वास घेऊन बघा! काही झालेलं नाही त्याला.’

‘वास यायला लागतो तोवर उशीर झालेला असतो.’

‘मग उकळून द्या. ती माणसं काय, दगड पचवतात.’

ते मनाने वाईट नव्हते. चांगलं बोलणारी कितीतरी माणसं हेच बोलतात. पण आमच्या जेवणाचा जीव नारळात, आणि आधी दगा देतो तोही नारळच. उकाड्यात नारळाच्या रसाचं कालवण साडेअकरापासून उघड्यावर राहिलं, तर ते स्वतःच्या घरी कोणी रात्री खाणार नाही. भाताचं त्याहून फसवं. शिजलेला भात तासन्‌तास कोमट पडला की त्यात जे जंतू वाढतात, त्यांच्यातल्या एका जातीचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून धंद्यात साधा हिशोब: गरम अन्न साठ अंशांच्या वर, थंड अन्न पाच अंशांच्या खाली, मधे किती वेळ गेला ते घड्याळात बघायचं. उरलेलं अन्न वाटण्याबद्दल एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, 2019 ची नियमावलीसुद्धा आहे, जुलै 2020 पासून लागू. डब्यावर पदार्थाचं नाव आणि तो कधी केला ते लिहायचं, ही त्यातली अगदी साधी गोष्ट. आमच्या लाइनीतल्या किती जणांनी ती वाचलीय, ते विचारू नका.

‘अन्न हे पूर्णब्रह्म म्हणतात, आणि तुम्ही ड्रममध्ये ओतता?’ यजमानांचा आवाज चढला. पडवीत चार नातेवाईक जमले. मी थर्मामीटर काढला. सकाळच्या भातात चाळीसही भरेना. पावणेदोनला उतरवलेल्या शेवटच्या टोपात, झाकण आणि वर गोणपाट असल्यामुळे, अडुसष्ट. वरण ऐंशीच्या वर. ‘हे दोन जातील. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी आत्ताच काढलीय, तीही जाईल. आणि जाईल ते लगेच.’

बाकीचं ड्रममध्ये गेलं. डुकरं पाळणारा एक शेजारी ड्रम न्यायला येतोच. यजमानांनी पुढे बिलातून तीन हजार कापले, ‘टाकून दिलेल्याचे’ म्हणून.

टेम्पो कुर्टीच्या बाजूला नेला. एका इमारतीचं काम चाललंय, मागे पत्र्याच्या खोल्यांत उत्तर कर्नाटकातली कुटुंबं राहतात. पावसानं काम बंद होतं. पोरं धावत आली, पण एक बाई पुढे झाली आणि तिनं त्यांना हातानं मागे सारलं. माझ्याकडे न बघता तिनं टोपाचं झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली, भाताची चार शितं चिमटीत धरून चोळली आणि बोटं हळूच लांब केली. तार सुटते का ते बघत होती. मग मला विचारलं, ‘कब पकाया?’

दिवसभरात हे विचारणारं पहिलं माणूस तीच. मी वेळ सांगितली, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. तिला वाचता येत नसावं, पण तिनं ती पोराकडून वाचून घेतली. मागे कुठल्यातरी लग्नातली खीर आली होती, म्हणाली, रात्रभर पोरं ओकत होती, सकाळी रिक्षा करून दवाखाना.

ताटं भरत असताना मी विचारलं, पुन्हा कधी आणू? तिनं हसून हात झटकला. मेमध्ये मजुरी असते, जेवण आम्ही करतो. जुलैत या. आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, काम नाही की हजेरी नाही. वाणी उधार देतो, पण तोही किती देणार.

रेशनचं विचारलं. कार्ड बागलकोटकडच्या गावी, सासूकडे. आपण इथं धान्य उचललं तर सासूचं बंद होईल, अशी तिला भीती. तसं नाही. गोवा आणि कर्नाटक दोन्ही राज्यं 1 जानेवारी 2020 पासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत आहेत. कार्डावर नाव आणि आधार जोडलेलं असलं, की इथल्या रास्त भावाच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं घेता येतं, सासूचा वाटा तिकडे शाबूत राहतो. माणशी महिन्याला 5 किलो, 2023 पासून फुकट. हे मी तिला तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पोवाला तिला कार्डाचा नंबर घेऊन दुकानात सोडून आला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मशीननं अंगठा मात्र दोनदा नाकारला. सिमेंटनं बोटं घासलेली.

आता ऑर्डर घेतानाच मी यजमानांशी बोलून घेतो. भाताचा शेवटचा टोप मी सांगितल्याशिवाय चढवायचा नाही. त्याचे तांदूळ कच्चे राहतात, डाळ-तेलही राहतं. काही जण ते घरी नेतात, सामान त्यांचंच आहे. काही जण म्हणतात, ठेवा जुलैसाठी. ते कोरडं सामान पिंपात जातं आणि पावसात कुर्टीला पोचतं. गूळ आणि साबुदाणा तिथं कुणाला नको असतो. त्या बाईची यादी ठरलेली: तांदूळ, तूरडाळ, तेल, सुकी मिरची, आणि जमलं तर ज्वारी. गोव्याच्या लग्नाच्या सामानात ज्वारी कुठून असणार? ती मी फोंड्याच्या बाजारातून घेतो, माझ्या खात्यावर.