माझा अनुभव: मॉलच्या पार्किंगमध्ये ठोकलेली गाडी आणि फुटेजसाठीची पायपीट

गाडीचं दार केव्हाच सरळ झालं. रंगही असा जुळलाय की सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. तरी "फुटेज असं कुणालाही दाखवता येत नाही, मॅडम" हे वाक्य आठवलं की माझं डोकं अजून तापतं. नाशिकमध्ये चारचाकी घेऊन मॉलला जाणारा कुणीही उद्या याच फेऱ्यात अडकू शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मेन रोडला किंवा रविवार कारंजाला सणाच्या दिवसांत चारचाकी न्यायचा विचारही करवत नाही. कॉलेज रोडला जागा शोधताना टोइंगची धास्ती. मग पैसे गेले तरी चालतील, गाडी सुरक्षित राहील, असं म्हणून आपण मॉलकडे वळतो. दिवाळीच्या आधी मी आणि सासूबाई अशाच गेलो. तिकीट घेतलं, गाडी बेसमेंटमध्ये लावली, खरेदी झाली, खाली आलो. मागच्या डाव्या दाराला तळहाताएवढा पोचा होता. आमची गाडी करड्या रंगाची, आणि पोचाच्या कडेने पांढऱ्या रंगाचा लांब ओरखडा चाकापर्यंत गेलेला. चाकाजवळ इंडिकेटरच्या काचेचा नारिंगी तुकडा पडला होता. ठोकणारा कधीच निघून गेला होता.

गाडी हलवण्याआधी मी फोटो काढले: पोचा जवळून, मग लांबून, खांबावरचा नंबर, तो नारिंगी तुकडा आणि बरोबर आमच्या डोक्यावर असलेला कॅमेरा. तो कॅमेरा पाहून मला हायसं वाटलं होतं. फुटेज बघायचं, गाडीचा नंबर घ्यायचा, विषय संपला, असा माझा समज.

खरा त्रास इथून सुरू झाला. खाली शिट्टी घेऊन उभा असलेला मुलगा म्हणाला, "ताई, आम्ही कॉन्ट्रॅक्टरची माणसं, वरच्या ऑफिसात विचारा." वरच्या ऑफिसात सांगितलं की पार्किंग आमच्याकडे नाही, ते ठेकेदार बघतो. ठेकेदाराचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, कॅमेरे मॉलचे, आमचा काही संबंध नाही. मी पुन्हा वर गेले. आता तिथले साहेब जेवायला गेलेले, आणि कंट्रोल रूमच्या दाराशी बसलेल्या गार्डने ते वाक्य ऐकवलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या तळमजल्यावरच्या एका बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसून होत्या, आणि मी त्यांच्यासमोरून वरखाली करत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेले, तर ठाणे अंमलदार म्हणाले, कुणाला लागलेलं नाही, कुणी मुद्दाम केलेलं नाही, जागा खासगी आहे, मॉलवाल्यांशी बोलून घ्या. म्हणजे मॉल पोलिसांकडे बोट दाखवणार, पोलीस मॉलकडे. आणि बेसमेंटमध्ये डोक्यावर तो कॅमेरा रोज नवं चित्रीकरण जुन्यावर चढवत राहणार! रेकॉर्डरमधली जागा भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. तुमचं काम लांबलं की पुरावा संपतो, आणि लांबवणाऱ्याला त्याची काहीच तोशीस पडत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. पार्किंगचे पैसे रोख घेता, बाहेर पडताना पाच मिनिटं जास्त झाली तरी पुढच्या तासाचे लावता, मग त्या पैशांत गाडीवर नजर ठेवणं येत नाही का?

मार्ग सुचवला तो आमच्या सोसायटीतल्या वकील काकांनी. ते म्हणाले, "तोंडी काही मागू नकोस. आजच्या आज लेखी दे." म्हणून मी मॉलच्या व्यवस्थापनाला ईमेल केला, त्याचीच प्रिंट ऑफिसात नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्यात तारीख, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, खांबाचा नंबर, गाडीचा नंबर, आणि एक स्पष्ट वाक्य: या वेळेतलं या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवावं, ते पुसलं गेल्यास जबाबदारी तुमची राहील. फुटेज दाखवा ही मागणी वेगळी आणि जपून ठेवा ही वेगळी. दुसरी आधी करायची, त्याच संध्याकाळी. तसाच अर्ज पोलीस ठाण्यात दिला आणि त्यावर आवक शिक्का मागून घेतला. गुन्हा दाखल होवो न होवो, अर्जाची पोच मिळते. मागावी मात्र लागते, आणि जरा ठाम आवाजात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मी मॉलला पाठवलेल्या पुढच्या ईमेलमध्ये टाकला. त्या ईमेलनंतर पहिल्यांदा मॉलच्या ऑफिसातून स्वतःहून फोन आला.

'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी बघून बरेच जण तिथेच गप्प बसतात. मीही ती पाटी सासूबाईंना वाचून दाखवली होती. काकांनी सांगितलं की नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या प्रकरणात अशा सूचनेवर निकाल दिलाय. गाडी आणि चावी हॉटेलच्या माणसाकडे सोपवली असेल, तर नुसती पाटी लावून किंवा तिकिटावर छापून निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. आपण स्वतः गाडी लावतो आणि चावी आपल्याच पर्समध्ये असते, तिथे तो निकाल जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही त्यांनी तितकंच स्पष्ट सांगितलं. पण पैसे घेऊन सेवा दिली म्हटल्यावर सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट उघडी असते. आपण सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. व्हॅले पार्किंगला, म्हणजे गाडी लावायला त्यांच्या माणसाकडे चावी देत असाल, तर हॉटेलचा तो निकाल जरूर लक्षात ठेवा.

शेवटी आवक शिक्का असलेल्या अर्जाची प्रत दाखवल्यावर कंट्रोल रूमचं दार उघडलं. स्क्रीनवर आमची गाडी उभी, आणि शेजारून एक पांढरी गाडी रिव्हर्स घेताना सरळ आमच्या दारावर आली. चालक उतरला, वाकून बघितलं, इकडेतिकडे नजर टाकली आणि गेला. ते बघताना माझ्या अंगाचा अक्षरशः तिळपापड झाला. क्लिप मला दिली नाही, ती पोलिसांना दिली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नंबर मिळाला असता तरी मला त्याचा उपयोग नव्हता, कारण परिवहनच्या ॲपवर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलंच दिसतं. पोलिसांनी नंबरावरून फोन लावला, ते गृहस्थ आले आणि सातपूरच्या आमच्या गॅरेजवाल्याचं डेंटिंग-पेंटिंगचं बिल त्यांनी भरलं. पैसे हातात पडले तेव्हा मला खरंच अभिमान वाटला. घरातले सगळे "जाऊ दे, इन्शुरन्स आहे ना" म्हणत होते.

इन्शुरन्सचं सांगायचं राहिलं. छोट्या पोच्यासाठी क्लेम करण्याआधी हिशेब करा. क्लेम न केल्याची सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळते आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक क्लेम केला की, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर, ती पुढच्या वर्षी शून्यावर येते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये आपल्या खिशातून जातातच. माझी सूट ४५ टक्क्यांवर होती, म्हणून मी हट्टाने त्या माणसाच्या मागे लागले.

तिकिटाचा फोटो आत शिरतानाच काढा. तो कागद थर्मल असतो, उन्हात डॅशबोर्डवर राहिला की अक्षरं उडतात, आणि तुम्ही किती वाजता आत गेलात याचा तोच पुरावा असतो. जागा निवडता आली तर खांबाच्या शेजारची घ्या, एक बाजू तरी वाचते. रॅम्पच्या तोंडाशी लावू नका. बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम अंधारात येणाऱ्याला पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, आणि पावसाळ्यात तिथला गुळगुळीत उतार ओला झाला की ब्रेक लागूनही गाडी पुढे सरकते.

आणि गाडीच्या दारापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती लहान मुलांची. आमच्या इथल्या बेसमेंटमध्ये लिफ्टपासून गाडीपर्यंत चालायला वेगळी पट्टीच नाही. ट्रॉली ढकलणारे आईबाप आणि त्यांच्या पुढे धावणारी पोरं त्याच रस्त्यातून जातात, जिथे दोन्ही बाजूंनी गाड्या रिव्हर्समध्ये निघत असतात. ज्या माणसाला आमचं अख्खं दार दिसलं नाही, त्याला तीन फुटांचं मूल कसं दिसलं असतं? लिफ्टपाशी पिवळी पट्टी आखा आणि वळणावर गोल आरसा बसवा, असं मी मॉलला लेखी दिलंय. त्याचीही पोच घेतलीय. आरसा बसला, पट्टी अजून नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पत्र देणार आहे.