तुम्ही विचारलंत म्हणून : पुन्हा नाकाला हात लावणार का?

"एकदा करून बसलीस, आता पुन्हा कशाला?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की समोरच्याची नजर नाकावर स्थिरावली की पुढे काय येणार हे मला कळते. बहुतेक जण काळजीपोटी विचारतात, याची मला जाणीव आहे. पण उत्तर पुरते ऐकून घेणारे थोडेच, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेत माझ्या नाकाचे टोक बारीक करताना उजवीकडची कूर्चा, म्हणजे नाकाला आकार देणारा आतला लवचीक भाग, गरजेपेक्षा जास्त काढली गेली. आधार गेलेली नाकपुडीची कड जखम भरताना हळूहळू वर ओढली गेली आणि तिथे खाच पडली. फरक दोन मिलिमीटरांचा आहे. फोटो काढताना माझी मान आपोआप उजवीकडे वळते, ती त्या दोन मिलिमीटरांमुळे.

श्वास नीट घेता यावा म्हणून शस्त्रक्रिया करायची आहे, असे मी अनेकांना सांगितले. ते खरे नव्हते. माझा श्वास व्यवस्थित चालतो. दिसण्यासाठी करायचे आहे असे म्हटले की लोक उपदेश करू लागतात आणि श्वासाचे नाव काढले की गप्प बसतात, एवढ्यासाठीच मी ते कारण पुढे केले.

गेल्या वर्षी मी एका प्लास्टिक सर्जनना भेटले. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला, एक इअरबड घेतला, त्याचे टोक नाकपुडीच्या आत कडेला टेकवले आणि कड अलगद खाली ढकलली. खाच नाहीशी झाली. आरशात दोन्ही नाकपुड्या सारख्या दिसत होत्या, आणि तो चेहरा मी अनेक वर्षांनी पाहत होते. मी काही बोलू शकले नाही. त्यांनी इअरबड काढताच कड पुन्हा जागेवर गेली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते थांबले, मग शांतपणे समजावू लागले. फरक किरकोळ असता तर कडेलगत कूर्चेची बारीक पट्टी सरकवून भागले असते. पण माझे आतले अस्तरही आखडले आहे, त्यामुळे कानाच्या खोलगट भागातून त्वचा आणि कूर्चा एकत्र काढून तो तुकडा आत बसवावा लागेल. कानातून सुटलेल्या त्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस तो खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो आणि मग दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या जुळतात. म्हणूनच तो फार मोठा घेता येत नाही, साधारण एक ते दीड सेंटिमीटरपर्यंतच. आधी तो पांढरा दिसतो, मग निळसर, आणि जगला तर गुलाबी होतो. पुढे तो काहीसा आकसतोही. "हमी आहे का?" असे मी विचारले. "नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्या एका शब्दामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिल्या वेळी असा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तेविसाव्या वर्षीच्या त्या मुलीवर मी बराच काळ रागावून होते: तुझे नाक चांगले होते, तू ते बिघडवून घेतलेस. आता तीच मला उलट विचारते, की मी तेव्हा जे मागितले त्याहून तू आज वेगळे काय मागते आहेस? मी तिला सांगते की तुला वेगळे नाक हवे होते, मला माझे परत हवे आहे. तिला ते पटत नाही, आणि खरे सांगायचे तर काही रात्री मलाही पटत नाही. धडधाकट कानाचा तुकडा काढून तो नाकात जगेल की नाही याची वाट पाहायची, आणि तो काळवंडून गेला तर आजच्याहून मोठी खाच पदरी पडायची, या भीतीला माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही "आहे ते नाक चांगलेच आहे" असे कृपा करून मला सांगू नका. ते वाक्य प्रेमाने म्हटलेले असते, पण त्याने माझे बोलणेच संपते.

तारीख मी अजून घेतलेली नाही. परवा घरी आरशासमोर इअरबड घेऊन मी स्वतःच ती कड खाली ढकलून पाहिली. हात थरथरत होता, आणि कड डॉक्टरांनी आणली होती तितकी खाली आली नाही.