मेंढीवर जमलं, पण ड्रिल दिलं नाही

खाटकाला दोन गोष्टी बजावाव्या लागतात: मुंडी मेंढीची हवी, बोकडाची नको, आणि ती भाजायची नाही. भेज्यासाठी मधोमध फोडली तरी चालते, कान दोन्हीकडे शाबूत राहतात. आमच्या कान-नाक-घसा विभागात परवा अशा मुंड्यांवर सराव होता.

मेंढीच्या कानाची नळी अरुंद. ४ मिमीची दुर्बीण घातली की हत्याराला जागा उरत नाही. केस आणि मळ काढतानाच निम्मे रेसिडेंट कंटाळतात. पण पडदा उचलला की आत ओळखीची मंडळी, ऐकण्याची तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब, त्याच क्रमानं, फक्त चणीनं लहान. माणसाची रिकीब जेमतेम ३ मिमी उंच. तिच्या तळपट्टीला १ मिमीहूनही बारीक भोक पाडून पिस्टन, म्हणजे रिकिबीचं काम करणारी कृत्रिम दांडी, बसवायचा. माझ्या रेसिडेंटनं हे मेंढीच्या त्याहून लहान हाडावर केलं, तळपट्टी न तडकता. असे हात क्वचित दिसतात. दुर्बिणीसोबत फोटो काढून स्टेटसला लावणारे उदंड.

पेशंटवरची पुढची केस मॅस्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची होती. सरांनी फर्मावलं, "मेंढीवर जमलंय ना त्याला? मग द्या ड्रिल." मी दिलं नाही. मेंढीच्या कानामागे माणसासारखं हवेच्या कप्प्यांचं मॅस्टॉइड नसतंच. माणसात मॅकइवेनच्या त्रिकोणातून, म्हणजे कानामागच्या हाडावरच्या खुणेच्या जागेतून, साधारण १५ मिमी खोल गेल्यावर अँट्रम हा हवेचा मोठा कप्पा लागतो. वर मेंदूचं आवरण, मागे सिग्मॉइड सायनस ही मोठी रक्तवाहिनी, आत चेहऱ्याची नस. ही वाट मुंडी दाखवतच नाही. सरांना हे ठाऊक नाही असं थोडंच आहे? त्यांना ऑपरेशनची यादी उरकायची होती.

केस संपल्यावर रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, मुंडीत ते हाड नाही, माणसाचं टेम्पोरल बोन, कानाचं हाड, मिळत नाही, पेशंटवर तुम्ही देत नाही. मग मी शिकू कुठे?"

निदान वरचा थर तरी त्याला घासू द्यायचा का, हे माझं अजून ठरत नाहीये. अॅनाटॉमीकडे पुन्हा अर्ज टाकलाय. देहदानातून आलेले देह तिथे आधी एमबीबीएसच्या पोरांना लागतात. कानाचं हाड आमच्यापर्यंत येईतो याची परीक्षा होऊन गेलेली असेल.