काचेतला बोरॉन

आज अर्धा दिवस एका फुगवट्यापायी गेला. कार्बोरेनचा (बोरॉन-कार्बनच्या पिंजऱ्यासारख्या रेणूचा) बोरॉन एनएमआर काढला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात बोरॉन अणूंचे संकेत टिपले, तर आलेखातल्या शिखरांखाली हे भलंमोठं टेकाड! नमुना बिघडला समजून दोनदा धुतला, वाळवला. मग ट्यूब पेटली: अगं, नमुन्याची नळीच बोरोसिलिकेट काचेची, म्हणजे तिच्यातही बोरॉन! क्वार्ट्झची नळी घेतल्यावर टेकाड बरंच खाली बसलं.

रेणू मात्र देखणा. १० बोरॉन, २ कार्बन, २० त्रिकोणी पृष्ठांचा बंद पिंजरा. पॅरा प्रकारात दोन्ही कार्बन अगदी समोरासमोर. तिथे धातूला धरणारे कार्बोक्झिलिक गट जोडले की धातू-सेंद्रिय सांगाड्यात (धातू आणि सेंद्रिय दांडे जोडून बनलेल्या, पोकळ्या असलेल्या स्फटिकात) बेन्झीनच्या जागी सरळ दांडा म्हणून बसतो. बेन्झीन चपटं, हा गुबगुबीत, त्यामुळे पोकळ्यांचा आकारच बदलतो. (मला हा गुबगुबीतपणाच आवडतो.)

उद्या झिंकबरोबर भट्टीत. स्फटिक आले तर फोटो टाकते.